सायडर चाखावी कशी: पानगळीच्या मोसमासाठी काही सूचना

ऑक्टोबरमध्ये इंग्लंडच्या सॉमरसेट किंवा हेरफर्डशर भागातून जाताना बागांमधल्या गवतावर लाल-पिवळ्या सफरचंदांचा सडा पडलेला दिसतो. नवख्या माणसाला वाटतं, फळ वाया चाललंय. पण सायडरचं सफरचंद हाताने तोडायची घाई कुणी करत नाही. ते पिकून गळू देतात, उरलेलं झाड हलवून पाडतात, आणि गोळा केल्यावरही काही दिवस ढिगात मुरू देतात. अंगठा दाबला की साल आत दबली पाहिजे, इतकं मऊ झालं की त्याची गिरणीत जायची पाळी येते.

या लेखात सायडर म्हणजे आंबवलेली, मद्यार्क असलेली सायडर. अमेरिकेत राहणाऱ्यांनी दुकानात ‘हार्ड सायडर’ मागावी, कारण तिथे नुसतं सायडर म्हटलं की न गाळलेला गोड रस हातात येतो. ब्रिटनमध्ये सायडर म्हणजे मद्यार्क असलेलीच.

पानगळ सुरू झाली की दुकानांत, पबमध्ये, मित्रांच्या घरी सायडर दिसू लागते आणि समज असा होतो की हे ताज्या सफरचंदांचं ताजं पेय. चव नीट घ्यायची असेल तर हा समज आधी बाजूला ठेवायला हवा. या शरदात पिळलेला रस याच शरदात सायडर होत नाही. लवकर येणाऱ्या जाती सप्टेंबरमध्ये पिळल्या जातात, खऱ्या कसाच्या जाती ऑक्टोबर-नोव्हेंबरात, काही तर थेट डिसेंबरात. रस पिंपात जातो आणि थंडीत सावकाश आंबत राहतो. हिवाळाभर यीस्ट त्यातली साखर खात असतं. वसंतात हवा तापू लागली, बागेत मोहोर आला, की बऱ्याच पिंपांत दुसरा बदल घडतो: सफरचंदातलं टोकदार मॅलिक आम्ल जिवाणूंमुळे मवाळ लॅक्टिक आम्लात बदलतं आणि चवीतली धार उतरते. त्यानंतर मेच्या सुमारास ती बाटलीत भरण्याजोगी होते. म्हणजे तुम्ही ऑक्टोबरमध्ये ग्लासात ओतता ती गेल्या वर्षीच्या पावसाची, गेल्या वर्षीच्या उन्हाची असते. उन्हाळाभर बाटलीत बसून ती स्थिरावलेली असते, म्हणून पानगळीत ती पिण्यात खरी मौज आहे.

तेव्हा माझी पहिली सूचना अशी: सायडरकडे बिअरची बहीण म्हणून पाहू नका. ती फळाची वाइन आहे. धान्य शिजवून ती वर्षभर केव्हाही करता येत नाही, वर्षातून एकदाच फळ येतं आणि एकदाच ती होते. पाइंटच्या ग्लासात बर्फ घालून घटाघट पिण्याची पद्धत ब्रिटनमध्ये 2006च्या आसपास जाहिरातींनी रुजवली, आणि तिने या पेयाचं नुकसानच केलं असं माझं स्पष्ट मत आहे. बर्फाने सुवास दबतो, तुरटपणा बोचरा लागतो आणि मेहनतीने केलेली सायडर पाणचट होते.

आता फळाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण चवीचं सगळं गुपित तिथे आहे.

ब्रिस्टलजवळ लाँग ॲश्टन इथे 1903 साली सायडरवर संशोधन करणारी संस्था स्थापन झाली. बार्कर या शास्त्रज्ञाने तिथे सायडरच्या सफरचंदांची जी वर्गवारी केली ती आजही चालते. रसातलं आम्ल 0.45 टक्क्यांच्या वर की खाली, आणि टॅनिन म्हणजे तुरट-कडू अंश 0.2 टक्क्यांच्या वर की खाली, एवढ्या दोन मापांवर चार गट पडतात. दोन्ही कमी असेल तर गोड. आम्ल जास्त आणि टॅनिन कमी असेल तर आंबट. टॅनिन जास्त आणि आम्ल कमी असेल तर कडू-गोड. दोन्ही जास्त असेल तर कडू-आंबट. आपण बाजारातून आणतो ती खायची सफरचंदं बहुतेक पहिल्या दोन गटांत बसतात. सायडरला अंग येतं ते उरलेल्या दोन गटांमुळे. डॅबिनेट, यार्लिंग्टन मिल, हॅरी मास्टर्स जर्सी ही कडू-गोड गटातली नावं. किंग्स्टन ब्लॅक आणि फॉक्सव्हेल्प कडू-आंबट गटातली. ही नावं लक्षात ठेवण्यासारखी आहेत, कारण चांगल्या बाटलीवर ती छापलेली असतात.

बागेत जाण्याचा योग आला तर मालकाला विचारून एक डॅबिनेट चावून पाहा. छोटंसं, गर्द लाल, जरासं राठ सालीचं फळ. पहिला घास गोड लागतो, इतका गोड की वाटतं, हे खायला का विकत नाहीत? दोन-तीन क्षणांत गालांच्या आतली ओल कुणीतरी पुसून घेतल्यासारखं होतं, जीभ टाळूला घासायला लागते, आणि घास थुंकावासा वाटतो. हेच टॅनिन आंबून, मुरून सायडरमध्ये उतरतं तेव्हा तिला भरीवपणा देतं. ते नसेल तर सायडर हलकी, आंबटगोड आणि पटकन विसरली जाणारी होते.

गिरणीही पाहण्यासारखी असते. सफरचंदं धुऊन भरडतात. त्याचा लगदा हवा लागताच डोळ्यांदेखत तपकिरी होतो. तो लगदा जाड कापडात पसरून चारी कोपरे आत दुमडायचे, वर लाकडी जाळी, त्यावर पुन्हा कापड आणि लगदा, अशी चळत रचतात. पूर्वी कापडाच्या जागी गव्हाचा पेंढा असे. वरून दाब येण्याआधीच, नुसत्या वजनाने, कडांमधून रस पाझरायला लागतो. पिळून उरलेला कोरडा चोथा गुरांना घालतात. त्या वेळी मिळेल तो ताजा रस जरूर प्या, पण बेताने. पोट लगेच तक्रार करतं.

ताज्या रसाचा आणि अर्धवट आंबलेल्या रसाचा मोसम साजरा करण्यात जर्मनीतल्या फ्रँकफुर्टचा हात कुणी धरणार नाही. तिथल्या साक्सेनहाउझेन भागातल्या जुन्या आपफेलवाइनच्या, म्हणजे तिथल्या सायडरच्या, खानावळींत शरदात आधी ‘झ्यूसर’ म्हणजे गोड ताजा रस मिळतो आणि मग ‘राउशर’, ढगाळ, फसफसणारा, अजून आंबत असलेला. वर्षभराची आपफेलवाइन निळ्या नक्षीच्या करड्या चिनीमातीच्या सुरईतून, बेंबेलमधून, चौकटी-चौकटींच्या काचेच्या ग्लासात ओततात. ती बरीच कोरडी आणि आंबट असते. फ्रँकफुर्टात राहणाऱ्यांनी किंवा कामानिमित्त जाणाऱ्यांनी ऑक्टोबर चुकवू नये. राउशर बाटलीत भरून दूर कुठे जात नाही, तिथे जाऊनच प्यावी लागते.

घरी चार जण जमवून चव घ्यायची असेल तर आधी जिभेची थोडी तयारी करून घ्या. तीन वाट्या मांडा. एकीत लिंबाचं बिनसाखरेचं पाणी, दुसरीत साखरेचं पाणी, तिसरीत बराच वेळ उकळून गार केलेला कोरा चहा. पाळीपाळीने घोट घ्या आणि काय कुठे जाणवतं याकडे लक्ष द्या. आंबटाने तोंडाला पाणी सुटतं, दात आंबतात. कोऱ्या चहाने उलट होतं, तोंड कोरडं पडतं. सायडर चाखताना बहुतेक जण या दोन्हींना ‘आंबट’ म्हणून मोकळे होतात आणि मग आपल्याला काय आवडतं ते त्यांना कधीच नेमकं सांगता येत नाही. ‘मला आंबट चालते पण तुरट नको’ किंवा त्याच्या उलट, एवढं कळलं तरी दुकानात निम्मी बाटली निवडून झाली. कडू आणि तुरट यांतही फरक करा. कारलं कडू, कच्ची सुपारी तुरट. सायडरमध्ये दोन्ही असू शकतात, एकेकटेही असू शकतात.

ग्लास वाइनचा घ्या, तोंडाशी थोडा निमुळता. बाटली फ्रीजमधून अर्धा तास आधी बाहेर काढा. टॅनिनची, बुडबुडे नसलेली सायडर 10 ते 12 अंशांवर बोलायला लागते. गोडसर आणि फसफसणारी 7-8 अंशांवर चांगली. तळाशी गाळ दिसत असेल तर बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेवा आणि ओतताना हलकेच ओता. शेवटचा गढूळ भाग वेगळा काढला तर उत्तम, कुणाला तो आवडत असेल तर त्याला द्या, त्यात अपाय काही नाही.

रंगावरून फार निष्कर्ष काढू नका. फिक्या गवती रंगापासून गर्द मधाळ, तांबूस रंगापर्यंत सगळं योग्य असतं. टॅनिनची फळं हवेत जास्त तपकिरी होतात, त्यामुळे गर्द रंग दिसला की तुरटपणाची शक्यता धरून चाला. ढगाळपणा हा दोष नव्हे. पारदर्शक असणं हा गुणही नव्हे, तो बऱ्याचदा नुसत्या गाळणीचा परिणाम असतो.

मग नाक. ग्लास फिरवा आणि वास घ्या. इथे अनेकांचा हिरमोड होतो, कारण सफरचंदाचा वास येत नाही. तो यावाच असा नियम नाही. वाइनला द्राक्षांचा वास किती वेळा येतो? आंबताना फळातली सुगंधद्रव्यं बदलतात आणि नवीन तयार होतात. नाकात भरेल असा हिरव्या सफरचंदाचा ठळक वास स्वस्त डब्यातून आला, तर तो बाहेरून घातलेल्या स्वादाचा असण्याचा संभव मोठा. चांगल्या सायडरला सालीचा, मधाचा, संत्र्याच्या सालीचा, लवंगेचा, धुराचा, ओल्या पाचोळ्याचा, कातड्याचा वास येऊ शकतो. पश्चिम इंग्लंडच्या जुन्या धाटणीच्या सायडरला तर गोठ्याचीही छटा असते. वसंतातल्या त्या आम्लबदलाच्या वेळी टॅनिनपासूनच काही मसालेदार, धुरकट वासाची संयुगं तयार होतात. थोडी असतील तर बहार येते, फार झाली तर बाकी काही सुचू देत नाहीत. वासाला नाव देताना पुस्तकी शब्द शोधू नका. चिंच, मोरावळा, काकवी, जुन्या कपाटाचं लाकूड, जे आठवेल ते मोठ्याने सांगा. टेबलावरच्या दुसऱ्या मराठी माणसाला ते लगेच समजतं आणि मग तोही वास घेऊ लागतो.

घोट घेतल्यावर गिळायची घाई नको. तो दोन-तीनदा तोंडात फिरवा, थोडी हवा आत ओढा. पहिल्यांदा गोडी, मग आंबटपणा, आणि शेवटी तुरट-कडू भाग असा क्रम साधारण जाणवतो. गिळल्यानंतर दहापर्यंत मोजा. जी सायडर दहाच्या आकड्यापर्यंत बदलत राहते ती चांगली. गिळताक्षणी नाहीशी होते ती तहान भागवायला ठीक.

हे दहापर्यंत मोजणं एका दोषासाठीही उपयोगी पडतं. सायडरच्या दोषांपैकी काही नाकालाच कळतात: व्हिनेगरचा झणका, नखं रंगवायच्या पॉलिशचा उग्र वास, सडक्या अंड्याचा वास. शेवटचा बरेचदा ग्लास पाच मिनिटं उघडा ठेवला की उडून जातो, आधीचे दोन जात नाहीत. पण एक दोष नाकाला चकवतो. त्याला इंग्रजीत ‘माउस’ म्हणतात, कारण तो उंदराच्या पिंजऱ्याची आठवण करून देतो. सायडर आम्लधर्मी असते तोवर ती संयुगं उडत नाहीत. गिळल्यावर लाळेने आम्ल कमी झालं की काही क्षणांनी शिळ्या, कोंदट चवीची लाट घशातून वर येते. काही लोकांना ती मुळीच जाणवत नाही, म्हणून एकच बाटली एकाला अप्रतिम आणि शेजारच्याला असह्य वाटू शकते. गंमत अशी, की या दोषाला कारण असलेल्या संयुगांपैकी एक, 2-ॲसिटिल-1-पायरोलीन, आपल्या आंबेमोहोराला आणि बासमतीला सुवास देणारं तेच संयुग आहे. भाताला जे शोभतं ते इथे नकोसं होतं. असा घोट आला तर बाटली परत करायला संकोच करू नका. चांगला उत्पादक स्वतःच माफी मागून बदलून देतो.

चार बाटल्या असतील तर क्रम असा ठेवा: हलकी आधी, भारदस्त नंतर, कोरडी आधी, गोड शेवटी. माणशी 70-75 मिलिलिटर पुरे, म्हणजे आठ जणांना प्रत्येक चवीची 750 मिलिलिटरची एकच बाटली भरपूर होते. मध्ये पाणी आणि साधा पाव किंवा बिनमिठाची बिस्किटं ठेवा. फरसाण चव घेऊन झाल्यावर. आणि हे नीट लक्षात असू द्या की गोडसर चवीमुळे मद्यार्क जाणवत नाही. पश्चिम इंग्लंडची पूर्ण रसाची सायडर 6 ते 8 टक्क्यांची असते, दोन पाइंट म्हणजे वाइनच्या बाटलीतला निम्म्याहून जास्त मद्यार्क. बागांच्या भेटीला जाताना गाडी चालवणारा माणूस आधीच ठरलेला असावा.

आता खरेदी. लेबलावर तीन गोष्टी शोधा: सफरचंदांची नावं, पिळल्याचं वर्ष, आणि रसाचं प्रमाण. ब्रिटनमध्ये 2010पासून सायडर म्हणवून घ्यायला किमान 35 टक्के रस लागतो, आणि तोही आटवलेल्या अर्कापासून पुन्हा पातळ केलेला चालतो. उरलेलं पाणी आणि साखर. अमेरिकेत करासाठी सायडर म्हणून धरायला रसाचं प्रमाण 50 टक्क्यांहून जास्त असावं लागतं. अर्कापासून केलेल्या सायडरला ऋतू नसतो, ती जूनमध्येही होते आणि जानेवारीतही. त्यामुळे पानगळीच्या नावाने विकली जाते म्हणून भुलू नका. पूर्ण रसाची असेल तर उत्पादक ते अभिमानाने छापतोच. अमेरिकेत शरदात भोपळा, दालचिनी, मेपल घातलेल्या सायडरची रेलचेल असते. त्या वाईट असतात असं नाही, पण त्यांत मसाला चाखला जातो, फळ नाही. चव शिकायची असेल तर सुरुवात साध्या, एकाच जातीच्या बाटलीपासून करा. किंग्स्टन ब्लॅक त्यासाठी नामी, कारण तिच्यात गोड, आंबट, तुरट तिन्हींचा तोल एकट्या फळातच असतो. मग त्याच उत्पादकाची मिश्र जातींची बाटली शेजारी ठेवून प्या. मिश्रण करणाऱ्याने काय साधलं ते लगेच कळतं.

न्यू जर्सीत मराठी घरं पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी खास: अठराव्या-एकोणिसाव्या शतकात न्यूअर्कची सायडर अमेरिकेत नावाजलेली होती आणि तिचा आधार होता हॅरिसन नावाचं छोटं पिवळं सफरचंद. बागा गेल्या, दारूबंदी आली, आणि हे झाड नाहीसं झालं असं मानलं जात होतं. 1976 साली लिव्हिंग्स्टन गावातल्या एका जुन्या सायडर गिरणीपाशी ते पुन्हा सापडलं. त्याच्या कलमांपासून आता अनेक बागा उभ्या राहिल्या आहेत. लेबलावर हॅरिसन दिसलं तर घ्या. तुमच्या घराच्या आसपासच्या मातीतलं फळ आहे ते.

फ्रान्सचा वायव्य भाग, म्हणजे नॉर्मंडी आणि ब्रिटनी, हा नवख्यांसाठी सर्वांत सोपा दरवाजा. तिथे रस आंबण्यापूर्वी त्यातलं पेक्टिन जेलीसारखं वर आणतात. तपकिरी थर तरंगतो, मधला नितळ रस काढून घेतात. यीस्टचं खाद्य त्या थरात अडकून राहिल्यामुळे आंबणं फार सावकाश होतं आणि साखर पूर्ण संपण्याआधीच थांबतं. म्हणून त्या सायडरची गोडी फळाची असते, वरून घातलेली नसते. ‘दू’ लिहिलेली 2 ते 3 टक्के मद्यार्काची आणि गोड, ‘ब्रुट’ लिहिलेली 4.5-5 टक्क्यांच्या आसपास आणि कोरडी, ‘दमी-सेक’ त्यांच्या मधली. पेई दोज आणि कोर्नुआय ही दोन प्रदेशांची नावं लेबलावर दिसली की डोळे मिटून घ्या. 1996पासून त्यांना भौगोलिक मानांकनाचं संरक्षण आहे. ब्रिटनीत ती मातीच्या वाडग्यातून, कुट्टूच्या खाऱ्या धिरड्यांबरोबर पितात.

स्पेनच्या अस्तुरियासची गोष्ट अगदी निराळी. तिथली सिद्रा गढूळ, कोरडी, धारदार आंबट, आणि बाटलीत बुडबुडे जवळजवळ नाहीत. म्हणून ओतणारा बाटली डोक्याच्या वर धरतो, ग्लास मांडीपाशी, आणि बारीक धार ग्लासाच्या कडेवर आपटवतो. आपटून वायू सुटतो, क्षणभर फेस येतो, वास उसळतो. ओततात ते तीन-चार बोटंच. ते लगेच, एका दमात प्यायचं आणि शेवटचा थेंबभर भाग ग्लासाची कड धुवायला सांडायचा, कारण ग्लास पुढच्याला जायचा असतो. ही सिद्रासंस्कृती 2024 साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. घरी अशी बाटली आणली तर वाइनसारखी घुटके घेत बसू नका, ती मलूल होते. मोरीत किंवा अंगणात उभं राहून उंचावरून थोडी-थोडी ओता. निम्मी सांडेल, हरकत नाही, तिथल्या हॉटेलांच्या जमिनीवरही भुसा पसरलेला असतो तो त्याचसाठी.

खाण्याबरोबर सायडर वाइनपेक्षा कितीतरी मनमिळाऊ आहे, आणि मराठी जेवणाबरोबर तर विशेष. यामागचं कारण साधं आहे. मद्यार्क तिखटाची आग वाढवतो आणि तुरटपणा ती आणखी खरखरीत करतो, गोडी आग विझवते. म्हणून तांबड्या रश्श्याबरोबर 7 टक्क्यांची कडक, तुरट सायडर घेऊ नका. फ्रेंच दमी-सेक घ्या, गार. उलट तळलेल्या कुरकुरीत बोंबलांबरोबर, कोथिंबीर वडीबरोबर, लोण्याच्या थालीपिठाबरोबर कोरडी आणि आंबट सायडर तेल कापून टाकते. मटण सुकं तिखटाला बेताचं असेल तर डॅबिनेटची कडू-गोड सायडर त्याच्या मसाल्याला उभी राहते. चीज म्हणाल तर सॉमरसेटचं जुनं चेडर आणि सॉमरसेटचीच सायडर, नॉर्मंडीचं कामांबेर आणि नॉर्मंडीची सायडर. एकाच कुरणावर गाई चरतात आणि झाडं उभी असतात, जोडी तिथेच जमलेली आहे.

परदेशात दिवाळी नेमकी पानगळीत येते. पाहुणे गेल्यावर डब्यात उरलेली भाजणीची चकली आणि कोरडी सायडर ही मला फार आवडणारी जोडी आहे. चकलीतलं तीळ-ओव्याचं खमंगपण आणि सायडरचं आंबट टोक एकमेकांना उचलून धरतात. करंजी किंवा अनारशाबरोबर मात्र कोरडी सायडर नुसती आंबट लागेल. पेय पक्वान्नापेक्षा गोड हवं, नाहीतर दोन्ही बिघडतात.

भारतात बसून हे वाचणाऱ्यांनी एक समजून घ्यावं. सॅम्युअल स्टोक्स यांनी 1916 साली शिमल्याजवळच्या कोटगढला अमेरिकेतून आणलेली डिलिशस जातीची झाडं लावली आणि हिमाचलच्या बागा खायच्या सफरचंदांच्या झाल्या. या फळात आम्ल बेताचं आणि टॅनिन नगण्य. त्यापासून केलेली सायडर स्वच्छ, हलकी आणि उन्हाळ्यात छान लागते, पण वर वर्णन केलेला तुरट भरीवपणा तिच्यात शोधू नका. ती 6-7 अंशांवर गार करून, जेवणाआधी घ्या.

थंडी वाढली की गरम सायडर. यासाठी महागाची बाटली वापरू नका, मध्यम गोड साधी चालते. तुरट सायडर तापली की आणखी कडू होते, म्हणून ती टाळा. एक लिटरला दालचिनीचा एक मोठा तुकडा, संत्र्याच्या सालीची पट्टी, जायफळाचं बोट आणि लवंगा दोन, फार तर तीन. लवंग आपल्याला परिचयाची असल्याने हात सैल सुटतो आणि सगळं पेय दातांच्या औषधासारखं होतं. उकळू अजिबात देऊ नका. मद्यार्क 78 अंशांच्या आसपास उकळून उडतो आणि त्याबरोबर फळाचा वासही जातो. पृष्ठभागावर वाफ दिसायला लागली, कडेला बारीक बुडबुडे धरले की गॅस बंद, झाकण ठेवून दहा मिनिटं मुरू द्या. गूळ घालायचा तर नंतर, चव पाहून.

उघडलेली बाटली बूच लावून फ्रीजमध्ये दोन दिवस बरी राहते, फसफसणारी असेल तर एकच. उरलेली कांद्यावर ओतून आटवा, डुकराचं मांस किंवा कोंबडी त्यात शिजवा. न उघडलेल्या बाटल्यांपैकी हलक्या सायडर वर्षभरात संपवा. टॅनिनची, पूर्ण रसाची, काचेच्या जाड बाटलीतली सायडर अंधाऱ्या थंड कपाटात दोन-तीन वर्षं टिकते आणि सुधारते. बागेतून घेताना एकाच वर्षाच्या दोन घ्या, एक आत्ता उघडा, दुसरी पुढच्या शरदात. आणि या ऑक्टोबरला पिळलेला रस ज्या पिंपात गेला त्या पिंपाचा नंबर मालकाला विचारून ठेवा. 17 जानेवारीच्या सुमारास सॉमरसेटच्या बागांमध्ये झाडांना सायडर पाजून, फांद्यांना पाव बांधून गाणी म्हणण्याचा ‘वासेल’ असतो. त्या वेळी पुन्हा गेलात तर बरेच मालक त्या पिंपातला अर्धा ग्लास काढून देतात. तेव्हा ती ढगाळ, बोचरी, निम्मीच झालेली असते, आणि मेमध्ये तीच बाटलीतून प्याल तेव्हा मधल्या चार महिन्यांत काय घडलं ते जिभेवर कळेल.